ठरलेल्या वेळेचा फोन

महामारीत माणूस गमावून एकट्या राहिलेल्या वयस्कांना आम्ही फोन करायचो. पहिल्या फोनवर बहुतेक जण एकच सांगतात : ‘माझं ठीक चाललंय. कशाला उगीच त्रास घेता?’ हे खरं मानून फोन ठेवला की काम तिथेच संपतं. खोटं ठरवून खोदून विचारायला लागलं तरी संपतं, कारण दुसऱ्या दिवशी फोन उचललाच जात नाही. आम्हाला सापडलेला उपाय साधा होता. ‘बरं, मग उद्या याच वेळी दोन मिनिटं करते,’ असं म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटाला करायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पलीकडचं माणूस रिंग वाजायच्या आधीच फोनजवळ येऊन बसलेलं असतं. बोलणं सुरू होतं ते तिथून.

महामारीत घरातलं माणूस गेलं आणि मागे एकट्याने राहायची वेळ आली, अशा साठीपुढच्या लोकांना नेमाने फोन करण्याचं हे काम. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात टाळेबंदी आली, उठली, पुन्हा आली, लस आली. फोनचं काम मात्र फारसं बदललं नाही. इथे लिहिलं आहे ते या कामाच्या रीतीबद्दल. ज्यांनी आमच्याशी बोलून मन मोकळं केलं, त्यांच्या गोष्टी त्यांच्यापाशीच आहेत.

सुरुवातीची आमची मोठी चूक म्हणजे दुःख आणि एकटेपणा एकच धरणं. आपलं माणूस गेलं म्हणून एकटं वाटतं, तेव्हा सोबत दिली की भागेल, असा हिशेब होता. तो चुकला. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले होते. एक भावनिक : जिच्याशी आतलं नातं होतं ती एक व्यक्ती नसणं. दुसरा सामाजिक : आपण कोणाच्या तरी रोजच्या जगण्यात आहोत ही जाणीव नसणं. टाळेबंदीने सगळ्यांना दुसरा एकटेपणा दिला, आणि ज्यांचा जोडीदार गेला त्यांना एकदमच दोन्ही. फोन करणारा माणूस दुसरा एकटेपणा बऱ्यापैकी कमी करू शकतो. पहिला नाही. हे आधीच कबूल केलं की फोनवरचं अर्धं ओझं उतरतं, कारण गेलेल्या माणसाची जागा भरायचा प्रयत्नच थांबतो. तो प्रयत्न वयस्कांना लगेच कळतो आणि आवडत नाही.

सुरू करण्याआधी

अनोळखी नंबरवरून फोन येतो, बोलणारा गोड बोलतो आणि घरात कोण कोण आहे हे विचारतो. याला फसवणूक म्हणतात, आणि म्हातारपणी एकट्या राहणाऱ्याने तसंच समजणं शहाणपणाचं आहे. म्हणून आधी त्यांच्या ओळखीच्या माणसाने, म्हणजे मुलाने, शेजाऱ्याने किंवा नेहमीच्या डॉक्टरने, सांगून ठेवायचं : अमुक नावाची व्यक्ती, अमुक दिवशी, अमुक वेळी फोन करील. तेवढं झाल्यावरच पहिला फोन. नंबर कायम तोच. बँक, पेन्शन, पासवर्ड, दागिने, घराची किल्ली यांतलं काहीही विचारायचं नाही, आणि आपण ते विचारणार नाही हे पहिल्याच दिवशी बोलून दाखवायचं. ‘माझ्या नावाने कोणी विचारलं तरी सांगू नका,’ हे वाक्य दर पंधरा दिवसांनी परत म्हणायचं. मृत्यूनंतरचे पहिले काही महिने भामट्यांचे आवडते असतात.

किती वेळा आणि किती वेळ? अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २०२० साली झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. घरपोच जेवण घेणाऱ्या २४० जणांपैकी निम्म्यांना चार आठवडे फोन केले गेले. करणारे १६ जण होते, वय १७ ते २३, मानसोपचाराचं शिक्षण नसलेले. म्हणजे एकाच्या वाट्याला साधारण सात-आठ माणसं. पहिले पाच दिवस रोज फोन आणि तोही दहा मिनिटांच्या आत. पुढे किती वेळा करायचा ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. चार आठवड्यांनी फोन मिळालेल्यांचा एकटेपणा, उदासी आणि चिंता इतरांपेक्षा कमी झालेली दिसली. या प्रयोगातले सगळे शोकात नव्हते, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण दोन गोष्टी आम्ही उचलल्या : पहिले पाच दिवस रोज, आणि वेळ थोडा.

थोडा वेळ का, असं नवीन कार्यकर्ते हमखास विचारतात. तासभर बोलण्यात जास्त माया आहे असं त्यांना वाटतं. होतं असं की पहिल्याच दिवशी तासभर बोलणं झालं, सगळं सांगून झालं, रडून झालं, की दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्याला संकोच वाटतो : कालच्या परक्या माणसाला आपण केवढं बोलून बसलो! शिवाय फोन करणाऱ्याला रोज तास काढता येत नाही, आठवड्यात खाडा होतो, आणि खाड्याने केलेलं नुकसान तासाच्या मायेने भरून येत नाही. दहा मिनिटं, पण चुकवायची नाहीत.

वेळ ठरवताना ‘तुम्हाला सोयीची वेळ कोणती’ असं विचारलं तर ‘कधीही करा’ असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘दिवसातला कुठला वेळ जड जातो?’ असं विचारायचं. कोणाला तिन्हीसांजा, कोणाला पहाटे जाग येऊन शेजारी हात जातो तो क्षण, कोणाला दुपारी वर्तमानपत्र मिटल्यानंतरचा. फोन त्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी लावायचा. ऐन जड वेळी केला तर माणूस बोलण्याच्या स्थितीत नसतं. आधी केला तर पुढचा वेळ ढकलायला काहीतरी हाताशी राहतं. झोपायच्या वेळी मात्र नको. बोलून उसळलेलं रात्रभर जागं ठेवतं.

ठरलेल्या वेळी फोन उचलला गेला नाही तर काय, हेही पहिल्याच आठवड्यात त्यांच्याशी बोलून ठरवायचं. आमची रीत : पंधरा मिनिटांनी पुन्हा, मग तासाने, मग त्यांनीच सुचवलेल्या शेजाऱ्याला. हे ठरलेलं नसलं की दोन्हीकडे घबराट होते. एकीकडे माणूस अंगणात फुलझाडांपाशी असतं आणि दुसरीकडे आपण त्याच्या मुलाला परगावी फोन लावून बसलेले असतो.

ऐकू येणं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण निम्मे फोन याच कारणाने फसतात. साठीपुढच्या चारांतल्या एकापेक्षा जास्त जणांना त्रास होईल इतकं कमी ऐकू येतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वयाने जाणारं ऐकणं आधी उंच पट्टीतलं जातं. साधा फोनही साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज नेतो, वरचा कापतो. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती बरीचशी वरच्या पट्टीत. म्हणजे कानाने आधीच घालवलेलं फोन आणखी घालवतो. समोरासमोर असताना ओठ बघून भरून निघायचं, तेही महामारीत मास्कने झाकलं.

यावर ओरडणं हा उपाय नाही. ओरडताना आवाज उंच जातो, म्हणजे नेमका जिथे ऐकू येत नाही तिथे, आणि ऐकणाऱ्याला आपण चिडलोय असं वाटतं. आवाज किंचित खाली आणायचा, वाक्य छोटं करायचं, दोन वाक्यांत श्वास घ्यायचा. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने नको, वेगळ्या शब्दांत सांगायचं. ‘शनिवारी करते’ कळलं नाही तर ‘रविवारच्या आदल्या दिवशी’. मराठी आकडे तर फोनवर फारच दगा देतात : सात, साठ आणि आठ एकसारखेच ऐकू येतात. ‘सातला करते’ म्हणण्यापेक्षा ‘सहा वाजून गेले की पुढच्या तासाला, सातच्या ठोक्याला’ असं सांगितलं की घोळ होत नाही.

श्रवणयंत्र कानामागे लावायचं असेल तर त्याचा मायक्रोफोन कानाच्या वरच्या बाजूला असतो. फोन कानाच्या भोकावर धरून काही ऐकू येत नाही, म्हणून माणसं यंत्र काढून ठेवतात आणि मग आणखी कमी ऐकू येतं. फोन थोडा वर सरकवून तिरका धरायला सांगायचं. शिट्टी आली तर बोटभर लांब. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवणं बऱ्याच जणांना जमतं, फक्त खोलीत टीव्ही बंद हवा. एकट्या घरात टीव्ही कायम चालू असतो, तो बघण्यासाठी नसतो, म्हणून ‘टीव्ही बंद करा’ ऐवजी ‘जरा आवाज कमी कराल का, फोन झाला की परत वाढवा’ असं म्हणणं बरं.

व्हिडिओ कॉलचा आम्हालाही आधी फार उत्साह होता. तो लवकर ओसरला. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसतो आणि त्यामागे रिकामी खुर्ची. कुटुंबाच्या सामूहिक कॉलवर आठ-नऊ चेहरे एकदम बोलतात, कमी ऐकू येणारं माणूस हसून मान डोलावत राहतं आणि कॉल संपल्यावर आधीपेक्षा एकटं होतं. नातेवाइकांना आम्ही एकच सांगायचो : एका वेळी फार तर तिघे, आणि एकाने बोलायचं. नातवंडाचा चेहरा बघायला व्हिडिओ उत्तम. रोजच्या सोबतीला नुसता आवाज पुरतो.

काय बोलायचं, काय नाही

‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘बरा आहे’ याशिवाय उत्तरच नसतं. ‘आज किती वाजता जाग आली?’, ‘काल सांगत होतात ती खिडकी दुरुस्त झाली का?’ अशा बारक्या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. हाक काय मारायची तेही विचारून घ्यायचं. सरसकट ‘आजी-आजोबा’ नको. बासष्ट वर्षांच्या, कालपर्यंत नोकरी केलेल्या बाईंना ‘आजी’ म्हटलेलं बोचतं. निवृत्त शिक्षकाला ‘सर’ म्हटलं की त्यांचा आवाज सरळ होतो. आणि गेलेल्या माणसाचं नाव विचारायचं, ते वापरायचं. ‘तुमचे मिस्टर’, ‘तुमच्या घरातले’ हे पहिल्या दिवशी ठीक. पुढे नाव घेतलं की ते माणूस कोणाला तरी माहीत आहे असं होतं. काळ मात्र त्यांचा त्यांना ठरवू द्यायचा. ‘ते मोठ्याने वाचतात’ असं कोणी म्हणालं तर आपणही ‘काय वाचतात?’ म्हणायचं; ‘वाचायचे’ अशी दुरुस्ती करायला आपण व्याकरणाच्या तासाला बसलेलो नाही.

सांत्वनाची ठरीव वाक्यं बहुतेक निरुपद्रवी असतात, माणसं ती सोडून देतात. एक मात्र या महामारीत फार लागलं : ‘वय झालंच होतं.’ बातम्यांत महिनोन्‌महिने एकच चाललं होतं की धोका म्हाताऱ्यांना आहे, बाकीच्यांनी घाबरू नये. ऐकणाऱ्याने ते स्वतःला लावून घेतलेलं होतं. जोडीदाराबद्दल ‘वय झालं होतं’ म्हटलं की त्याचा अर्थ होतो, हा मृत्यू मोजण्यासारखा नाही, आणि तुमचाही नसेल. पाठोपाठ ‘निदान तुम्ही तरी वाचलात’ आणि ‘सुटले बिचारे’. तीनही टाळलेली बरी.

फोनवरची शांतता वेगळी असते. समोर बसलेलं माणूस गप्प झालं तर आपण दिसत असतो. फोनवर दहा सेकंदांची शांतता म्हणजे लाइन कट झाल्यासारखी वाटते. अशा वेळी फक्त ‘मी आहे, सावकाश’ एवढंच. पुढचा प्रश्न टाकला की रडणं मध्येच तुटतं.

मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांच्या नावाने चालणाऱ्या दुःखाच्या पाच पायऱ्या (नाकारणं, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार) सगळ्यांना पाठ असतात. १९६९ मध्ये त्या मांडल्या गेल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. त्या शिडीसारख्या वापरल्या की घोटाळा होतो. ‘अजून राग आला नाही, म्हणजे अडकल्यात’ असले निष्कर्ष कार्यकर्ते काढायला लागतात. आम्हाला जास्त कामाला आली ती श्ट्रोबे आणि शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेली झोक्याची कल्पना. शोकातलं माणूस कधी गमावलेल्याकडे जातं, कधी पुढच्या कामांकडे, आणि हे जाणं-येणं म्हणजेच सावरणं. त्यामुळे पाच मिनिटं रडून झाल्यावर कोणी लगेच गळक्या नळाबद्दल बोलायला लागलं तर विषय ‘पुन्हा भावनांकडे’ वळवायचा नाही. नळ हाच त्या वेळचा विषय. वीजबिल कुठे भरायचं हे आजवर दुसऱ्यानेच केलेलं असेल, तर ते शिकणंही शोकाचाच भाग असतं.

न पाहिलेला मृत्यू

इथे थोडं थांबायला हवं, कारण नेहमीच्या शोकापेक्षा हा वेगळा आहे. माणूस रुग्णवाहिकेत चालत जाऊन बसलं आणि पुढे फक्त एक फोन आला. शेवटचं दर्शन नाही, चार माणसं जमणं नाही, खांद्यावर हात नाही. कुटुंबांसोबत काम करणाऱ्या मानसोपचारक पॉलिन बॉस यांनी बेपत्ता माणसांच्या घरच्यांसाठी ‘संदिग्ध हानी’ अशी कल्पना मांडली होती : माणूस समोर नसतं, पण ते गेलं याचा मनापाशी पुरावा नसतो. महामारीतल्या कित्येक घरांना मृत्यू माहीत असूनही ती बरीचशी लागू पडली. दाराशी चपला तशाच ठेवणं, फोन चार्ज करत राहणं, याला वेड समजू नये.

पुरावा नसल्याने प्रश्न उरतात, आणि रात्री तेच फिरत राहतात. ते कागदावर उतरवून घेणं हे एक नेमकं काम. शेवटी जवळ कोण होतं? किती वाजता? वेदना होत्या का? शुद्ध होती का? चष्मा कुठे गेला? पाचापेक्षा जास्त प्रश्न नकोत. जवळच्या नातेवाइकाच्या सहीने ते रुग्णालयाला पत्राने पाठवायचे. उत्तर येईलच असं नाही, हे पाठवण्याआधी स्पष्ट सांगायचं. उत्तर न येताही प्रश्न लिहून झाल्यावर झोप थोडी सुधारते, हे पुष्कळदा दिसलं. का, ते सांगणं अवघड, पण बहुधा विसरून जाऊ ही भीती कमी होत असावी.

रुग्णालयातून आलेली वस्तूंची पिशवी हा आणखी एक खिळा. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, घड्याळ, फोन. संसर्गाच्या भीतीने ती कपाटाच्या वर ठेवली जाते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. २०२० मधल्या प्रयोगशाळेतल्या मोजणीत हा विषाणू प्लास्टिकवर आणि पोलादावर जास्तीत जास्त ७२ तास टिकलेला आढळला. म्हणजे आठवडाभर ठेवलेल्या पिशवीला भिण्याचं कारण नाही. हे सांगितलं की ‘उघडू नये’ आणि ‘उघडवत नाही’ हे दोन वेगळे होतात, आणि दुसऱ्याबद्दल बोलता येतं. उघडायची तर दिवसा, शक्यतो कोणी सोबत असताना, नाहीतर फोन चालू ठेवून. सगळं एकदम बाहेर काढायचं नाही. एक वस्तू, मग पुरे म्हटलं तरी चालेल.

त्यातला फोन आधी काढायचा आणि लगेच चार्ज करायचा, कारण त्यात आवाज असतो. पाठवलेले व्हॉइस मेसेज, कधी रुग्णालयातून केलेलं रेकॉर्डिंग. ते दुसऱ्या फोनवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवायचं, मगच सिम बंद करायचं की चालू ठेवायचं हे ठरवायचं. रिचार्ज संपून नंबर गेला, फोन नातवाला दिला, त्याने साफ केला, आवाज गेला, असं झालं की ते दुसरं मरण असतं. ऐकायची घाई नाही. आत्ता फक्त जपायचं.

मग ‘माझ्यामुळे झालं’. बाजारातून मी आलो, मला आधी ताप आला. लगेच ‘नाही हो, तुमचा काय दोष’ म्हटलं की माणूस गप्प होतं आणि अपराधीपणा तसाच राहतो. आम्ही दिवस क्रमाने सांगायला लावायचो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सुरुवातीच्या विषाणूत सरासरी पाच-सहा दिवस, जास्तीत जास्त चौदा दिवस लागायचे, आणि लक्षणांच्या सुमारे दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो. ज्याला ताप आधी आला त्यानेच घरात आणला असं या हिशेबात ठरतच नाही. कोणाकडून कोणाला, हे कळायचा मार्गच नव्हता. कॅलेंडर समोर ठेवून स्वतः मांडलेला हा हिशेब सांत्वनापेक्षा खोल जातो. सगळ्यांच्या बाबतीत नाही.

राहून गेलेला निरोप नंतर घेता येतो. वर्षाने घेतला तरी चालतो. फोनवरची स्मृतिसभा जमवायची तर सहा-सात माणसं, अर्धा तास, नावं पुकारायला एक जण, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, आणि ज्याचं माणूस गेलं त्याने पहिलं बोलायचं की शेवटी की बोलायचंच नाही, हे त्यानेच ठरवायचं. सभा संपल्यावर तासाभरात त्यांना एकट्याला फोन. सगळे एकदम निघून गेल्यावरची शांतता वाईट असते, आणि या फोनचं काम सभेत कोणालाच सुचलेलं नसतं.

शरीर

१९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची नोंद तपासली गेली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं मृत्युप्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे २१ पट असल्याचं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. तीव्र आघाताने हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगून शिथिल होण्याचा आजारही आहे, ताकोत्सुबो. तो बहुतांशी पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो आणि लक्षणं झटक्यासारखीच असतात. म्हणून छातीत दुखतंय, धाप लागतेय असं फोनवर ऐकलं तर ‘टेन्शन असेल’ हा शब्द काढायचा नाही. तातडीची वैद्यकीय मदत, त्याच क्षणी.

भूक लागत नाही या तक्रारीत महामारीने एक फसवा धागा घातला. स्वतःलाही कोविड होऊन गेलेला असेल तर वास गेलेला असू शकतो, आणि वास नसला की जेवण मातीसारखं लागतं. ती उदासीच आहे असं धरून बसू नये. साबणाचा वास येतो का, एवढं विचारलं की अंदाज येतो. वास गेला असेल तर गॅस गळती आणि करपणं कळत नाही हाही धोका. वजनाचा काटा घरात नसला तर पट्ट्याचं भोक विचारायचं, बांगड्या सैल झाल्या का विचारायचं. सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, वजनाचा विसावा भाग कमी झाला असेल तर डॉक्टरकडे पाठवायला हवं.

आणि गोळ्या. कित्येक घरांत दोघांच्या गोळ्या एकच जण काढून द्यायचा. तो गेला की मागे दोन डबे उरतात आणि कोणता आपला हे नीट माहीत नसतं. पहिल्या आठवड्यातच पाकिटांवरची नावं वाचून घ्यायची, शक्य असेल तर फोटो मागवायचा, डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडायचा. गेलेल्या माणसाची औषधं घराबाहेर जायला हवीत, दोन कारणांनी. एक म्हणजे चूक. दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

‘आता मलाही त्यांच्याकडे जायचंय’ हे वाक्य ऐकल्यावर नवीन कार्यकर्ता एकतर घाबरतो किंवा ऐकलं न ऐकलं करतो. बहुतेक वेळा ती ओढ असते, बेत नसतो. पण फरक विचारल्याशिवाय कळत नाही, आणि सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे शब्द वापरायचे. हो म्हटलं तर : कसं ते ठरवलंय का, ते साधन घरात आहे का, कधी ते ठरवलंय का. बेत आणि साधन दोन्ही असेल तर फोन ठेवायचा नाही. आपल्यातल्या दुसऱ्याने त्याच वेळी नातेवाइकाला, शेजाऱ्याला, आपत्कालीन सेवेला फोन करायचा. कोणाला करायचा ते कागद आधीपासून टेबलावर हवेत. त्या वेळी शोधत बसलं की वेळ गेलेला असतो.

एकटेपणा मोजायला तीन प्रश्नांची मोजपट्टी आहे : सोबतीची उणीव किती वेळा जाणवते, आपण वगळले गेलोय असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. क्वचित १, कधीकधी २, नेहमी ३. बेरीज ३ ते ९. पहिल्या आठवड्यात विचारू नये, सरकारी अर्ज भरल्यासारखं वाटतं आणि सगळे ‘क्वचित’ म्हणतात. दुसऱ्या आठवड्यापासून, दर चार आठवड्यांनी. गंमत म्हणजे दुसऱ्या वेळी आकडा बऱ्याचदा वाढतो. एकटेपणा वाढलेला नसतो, खरं सांगणं वाढलेलं असतं.

शोक किती दिवस चालला म्हणजे जास्त? रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन शोकविकारासाठी किमान सहा महिने धरले आहेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित नियमपुस्तिकेत प्रौढांसाठी बारा. रोजची तीव्र ओढ आणि त्यापायी जगणं अडलेलं, हे बघायचं. निदान आपण करायचं नाही, तज्ज्ञाकडे पाठवायचं. एवढं लक्षात ठेवायचं की या महामारीत अनेकांचं घड्याळ उशिरा सुरू झालं. स्वतः आजारी, घर बंद, भीती. रडायला सुरुवातच आठ-दहा महिन्यांनी.

फोन करणाऱ्यांबद्दल थोडक्यात. एकाकडे सहापेक्षा जास्त माणसं नकोत. प्रत्येक फोननंतर तीन ओळींची नोंद, वहीत, कुलूपबंद. आठवड्यातून तासभर सगळ्यांनी एकत्र बसून बोलणं, न चुकता. कार्यकर्ता आजारी पडला तर बदली माणूस त्याच वेळी फोन करून खरं कारण सांगतो. ‘कामात आहे’ असं खोटं सांगितलं आणि तो कोविडने गेला असेल असं समजून पलीकडचा माणूस दोन दिवस उपाशी राहिला, असं होऊ शकतं.

सगळ्यात अवघड काळ टाळेबंदीचा नव्हता, ती उठल्यानंतरचा होता. सगळंच जग घरात अडकलेलं असताना एकटं असण्यात एक प्रकारची बरोबरी असते. दारं उघडली, इतरांची माणसं परत आली, आणि आपलं तेवढं आलं नाही, हे तेव्हा दिसतं. नेमक्या त्याच वेळी कार्यकर्त्यांच्या नोकऱ्या सुरू होतात आणि फोन कमी होतात. पहिल्या वेळी आम्ही ‘आता सगळं सुरळीत झालंय’ म्हणून पंधरवड्यात फोन आवरते घेतले, आणि तीन प्रश्नांचा आकडा घसरायचा तो चढला. नंतर उतरंड ठरवली : रोजचे फोन आठवड्याला तीन, मग दोन, मग एक, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. शेवटच्या फोनची तारीख महिनाभर आधी सांगायची आणि दर वेळी आठवण करून द्यायची. शेवटच्या फोनवर नवीन विषय काढायचा नाही. वहीतल्या तारखांचं पान मात्र बंद करायचं नाही : मृत्यूची, लग्नाची, वाढदिवसाची, आणि रुग्णालयात नेलं त्या दिवसाचीही. त्या दिवशी, नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच नंबरवरून एक फोन.